बाससाठी लुअर कसा निवडावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लुअर म्हणजे मासे पकडायचं बनावट आमिष. ‘बाससाठी कोणता लुअर घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, ‘मासा किती खोल पाण्यात आहे?’ समोरून बहुतेक वेळा रंगाचं उत्तर येतं. ‘माझ्याकडे हिरवा आहे, चालेल का?’ चालेलही, पण तो हिरवा लुअर माशाच्या डोक्यावरून दोन मीटर उंचीवरून जात असेल तर हिरवा काय नि सोनेरी काय, सारखंच.

बास म्हणजे नेमका कोणता मासा?

इथे बास म्हणजे गोड्या पाण्यातला लार्जमाउथ आणि त्याचा भाऊबंद स्मॉलमाउथ. दोघेही मूळचे उत्तर अमेरिकेचे, सनफिश कुळातले. समुद्रात मिळणारा सी बास हा वेगळा मासा आहे. त्याला इथली उत्तरं जशीच्या तशी लावू नका.

दोघांना ओळखायला जबडा बघा. तोंड मिटलेलं असताना वरचा जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत गेला तर लार्जमाउथ, डोळ्याच्या खालीच संपला तर स्मॉलमाउथ. लुअर निवडताना हा फरक कामाला येतो. लार्जमाउथला संथ पाणी, पाणवनस्पती, बुडालेली झाडं आवडतात. स्मॉलमाउथ थोड्या गार, वाहत्या पाण्यात खडकांजवळ सापडतो आणि त्याचं तोंड लहान असल्यामुळे त्याच्यासाठी लुअरही एक माप लहान घ्यावा लागतो.

जिवंत आमिष असताना लुअर कशाला?

जिवंत आमिषाने मासे मिळतातच. जपानच्या बिवा सरोवरात २००९ मध्ये मानाबू कुरिता यांनी पकडलेला १० किलोंहून थोडा जास्त वजनाचा बास जिवंत ब्लूगिल माशावरच लागला होता. जॉर्ज पेरी यांनी १९३२ मध्ये जॉर्जिया राज्यात नोंदवलेल्या विक्रमाची त्याने बरोबरी केली. बरोबरीच म्हणायची, कारण जुना विक्रम मोडायला किमान २ औंस जास्त वजन लागतं आणि कुरितांचा मासा जेमतेम १ औंसाने जड होता. पेरींचा मासा मात्र लुअरवर लागला होता.

लुअरचा फायदा असा की तासाभरात बरंच पाणी चाळून होतं. शिवाय जिवंत आमिष बास बऱ्याचदा खोल गिळतो आणि गळ घशात जातो. मासा परत सोडायचा असेल तर हे वाईट.

प्लॅस्टिकचा तुकडा तो खाद्य समजतो तरी कसा?

प्रत्येक वेळी समजतोच असं नाही. बासला हात नाहीत. एखादी वस्तू काय आहे हे तपासायचं तर तोंडात घेऊनच. तो झटकन तोंड उघडतो, पाण्याबरोबर समोरची वस्तू आत ओढली जाते, आणि आवडली नाही तर तितक्याच झटकन बाहेर फेकली जाते. भूक नसतानाही जवळून काहीतरी सर्रकन गेलं की तो झडप घालतो. वसंतात घरट्यावर पहारा देणारा नर तर जवळ येईल त्याला हुसकावतो.

म्हणून लुअर माशासारखा हुबेहूब दिसला पाहिजे असं नाही. डोळे, खवले, कल्ल्यांवरची लाल रेघ यातलं बरंचसं काम दुकानातल्या गिऱ्हाइकाला गळाला लावण्याचं असतं. माशाला लावण्यासाठी लुअर योग्य खोलीवर, योग्य वेगाने, काहीतरी जिवंत असल्यासारखा हलला पाहिजे.

सुरुवातीला किती लुअर घ्यावेत?

पाच प्रकार पुरेत. प्लॅस्टिकचं गांडूळ, जिग (वजनदार डोक्याचा, झालरवाला गळ), स्पिनरबेट (ओढताना पातं फिरणारा), उथळ जाणारा क्रँकबेट (तोंडाशी पातळ जीभ असलेला, ओढला की डुलत पोहणारा) आणि पाण्यावर तरंगणारा एक पॉपर. प्रत्येकी दोन रंग घ्या, एक फिका आणि एक गडद. एवढ्यात तळापासून पृष्ठभागापर्यंत सगळं पाणी झाकलं जातं.

पहिल्या वर्षी माझ्या पेटीत चाळीसेक लुअर होते. त्यातले सहा पाण्यात गेले. बाकीचे अजून कोरे आहेत.

मग निवडताना सगळ्यात आधी काय बघायचं?

खोली. मग आसपास काय आहे ते: गवत, लाकूड, खडक की मोकळं पाणी. मग वेग. मग आकार. रंग सगळ्यात शेवटी.

हे मी शिकलो ते एका सकाळी. पाच तासांत अकरा रंग बदलले, एकही मासा नाही. शेजारच्या होडीतल्या म्हाताऱ्या गृहस्थांना चार मिळाले. त्यांचा लुअर माझ्या दुसऱ्या रंगासारखाच होता. फक्त त्यांनी तो तळाला टेकेपर्यंत धीर धरला होता आणि मी पाण्यात पडल्या पडल्या गुंडाळायला लागत होतो. मासे चार मीटरवर बुडालेल्या झाडाच्या फांद्यांत होते. माझा लुअर मीटरभराच्या खाली गेलाच नव्हता.

मासा किती खोलावर आहे हे कळणार कसं?

पाण्याच्या तापमानावरून बराच अंदाज येतो. वसंतात पाणी साधारण १५ ते २० अंश सेल्सियसच्या दरम्यान आलं की लार्जमाउथ अंडी घालायला काठाजवळ, उथळ पाण्यात येतो. उन्हाळा चढला की सकाळ-संध्याकाळ काठाला आणि दुपारी सावलीत किंवा खोलात. शरद ऋतूत छोट्या माशांच्या थव्यामागे फिरतो. पाणी १० अंशांच्या खाली गेलं की त्याची पचनाची गती मंदावते. मग तो खोलात, फार न हलता पडून राहतो.

खोल जलाशयांत उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. वर गरम पाणी, खाली गार, आणि मधल्या पट्ट्यात तापमान एकदम उतरतं. त्याखालच्या थरात बऱ्याचदा प्राणवायू इतका कमी असतो की मासे तिथे टिकत नाहीत. जलाशय पंधरा मीटर खोल आहे म्हणून लुअर पंधरा मीटरवर न्यायचा, हा उन्हाळ्यातला हमखास फसणारा बेत.

खोली दाखवणारं यंत्र नसेल तर काठ बघा. काठ सपाट उतरत गेला असेल तर पाण्याखालीही बहुधा तसाच उतार असतो. कडा तुटलेली असेल तर खालीही खोल. आणि सावली बघा. धक्क्याखाली, झुकलेल्या झाडाखाली, कमळपानांच्या कडेला बास सावलीत उभा राहून उजेडातलं भक्ष्य बघतो.

क्रँकबेट किती खोल जाईल हे कशावरून ओळखायचं?

त्याच्या तोंडाशी असलेल्या पातळ जिभेवरून. जीभ लांब आणि नाकाच्या रेषेत पुढे आलेली असेल तर तो खोल जातो. आखूड आणि खाली वळलेली असेल तर उथळ राहतो. खोक्यावर लिहिलेली खोली लांब फेक आणि बारीक दोरा गृहीत धरून लिहिलेली असते. जाड दोऱ्याला पाण्याचा विरोध जास्त होतो आणि लुअर वरच अडकून राहतो.

क्रँकबेट कशाला तरी आपटायला हवा. मोकळ्या पाण्यातून सुरळीत पोहत आलेल्या क्रँकबेटपेक्षा बुंध्यावर ठेचकाळून तिरका उडालेला क्रँकबेट जास्त मासे देतो. म्हणून पाणी दोन मीटर असेल तर अडीच मीटर जाणारा घ्या, म्हणजे तो तळ खरवडत येईल. लाकडाला लागला असं हाताला जाणवलं की क्षणभर थांबा. तरंगणारा असल्याने तो उलटा वर सरकतो आणि सुटतो. बासचा घास बऱ्याचदा नेमका तेव्हाच येतो. चौकोनी जिभेचे क्रँकबेट लाकडासाठीच बनवलेले असतात, कारण जिभेची कोपरी आधी आपटते आणि गळ अडकायच्या आत लुअर बाजूला उडतो.

क्रँकबेट सरळ न येता एका बाजूला पळतो. खराब आहे का?

नाही. ज्या कडीला दोरा बांधतात ती किंचित वाकलेली असते. लुअर स्वतःकडून पुढे पोहतो आहे अशी कल्पना करा. तो डावीकडे पळत असेल तर कडी पक्कडीने उजवीकडे केसभर वाकवा. केसभरच. मग काठाशी दोन हात ओढून बघा. जोर लावला तर कडी सैल होते आणि लुअर खरोखरच वाया जातो.

असा डुलत पोहणारा लुअर लोकप्रिय केला तो फिनलंडच्या लॉरी रापाला यांनी. जखमी मासा थव्यातून वेगळा डगमगत पोहतो आणि शिकारी मासे त्यालाच धरतात, हे त्यांनी पाहिलं होतं. १९३६ मध्ये त्यांनी बुचाच्या लाकडातून पहिला लुअर कोरला आणि त्याला चॉकलेटच्या चकचकीत कागदाचं वेष्टण लावलं. प्रत्येक लुअर पाण्यात ओढून, चाल जमवून मगच विकायचा, ही त्यांची पद्धत. आपण कडी वाकवतो तेव्हा तेच करत असतो.

प्लॅस्टिकचं गांडूळ कसं वापरायचं? तेवढ्यासाठी इतक्या वेगवेगळ्या रचना कशाला?

फक्त एकच लुअर घेऊन जायचं ठरलं तर मी हाच नेईन. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात निक क्रीम यांनी १९४० च्या दशकाअखेरीस मऊ प्लॅस्टिकचं गांडूळ ओतून तयार केलं, आणि बास गरवण्याची रीतच बदलली. मऊ असल्यामुळे मासा ते लाकडी लुअरपेक्षा थोडं जास्त वेळ तोंडात ठेवतो. हिसका द्यायला तेवढाच वेळ मिळतो.

पहिली रचना टेक्सास रिग. गवतात, फांद्यांत न अडकता जाते. दोऱ्यात आधी बंदुकीच्या गोळीसारखं निमुळतं वजन ओवायचं, टोक पुढच्या बाजूला. मग गळ बांधायचा. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यात अर्धा सेंटीमीटर आत घालून बाजूने बाहेर काढा. गळ ओढत न्या, त्याचं भोक डोक्यात लपेपर्यंत. आता गळ अर्धा फिरवा म्हणजे टोक गांडुळाच्या अंगाकडे येईल. गांडूळ लोंबकळू द्या, गळाचा बाक अंगावर कुठे येतो ते नखाने दाबून खूण करा, आणि तिथूनच टोक आरपार काढून वरच्या सालीखाली जेमतेम खुपसून ठेवा. हातात धरल्यावर गांडूळ काठीसारखं सरळ लोंबलं पाहिजे. वाकडं बसलं तर ओढताना गरगरतं, दोऱ्याला पीळ पडतो आणि मासा ढुंकूनही बघत नाही. वाकडं वाटलं की काढून पुन्हा लावा. आळस केला तर पुढचे वीस मिनिटं फुकट.

दुसरी, वॅकी. गळ गांडुळाच्या बरोब्बर मध्यभागी अडकवायचा. वजन नाही. पाण्यात टाकायचं आणि काही करायचं नाही. मिठाने जड केलेलं गांडूळ दोन्ही टोकं थरथरवत हळू खाली जातं. नवख्याला हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात अवघड, कारण हात स्वस्थ राहत नाहीत.

तिसरी, कॅरोलिना. वजन पुढे, मग फिरकीची कडी, मग अर्धा ते एक मीटर दोरा आणि शेवटी गांडूळ. वजन तळ खरवडत जातं, गांडूळ मागून तरंगत येतं. खोल, मोठ्या तळावर मासे शोधायला चांगली. चौथी, ड्रॉपशॉट. इथे वजन सगळ्यात खाली आणि गळ त्याच्या वर वीतभर. गांडूळ एकाच जागी थरथरत ठेवता येतं. पाणी नितळ, मासे लाजरे, होडी त्यांच्या डोक्यावर असेल तेव्हा ही काढा.

गांडुळावर मासा लागला हे कसं कळतं?

दोऱ्यावरून. कधी टक्-टक् असे दोन ठोके येतात, कधी नुसता दोरा आडवा सरकायला लागतो, कधी ओलं फडकं ओढल्यासारखं जड वाटतं. शंका आली तर ढील गुंडाळून घ्या आणि हिसका द्या. झाडाच्या फांदीला दिलेल्या हिसक्याचे पैसे पडत नाहीत.

जिग कधी?

मोठा मासा हवा असेल तेव्हा, आणि तो झाडाझुडपात किंवा खडकांत बसलेला असेल तेव्हा. जिग म्हणजे वजनदार डोकं, त्यावर गळ, भोवती रबरी झालर, आणि गळापुढे गवत चुकवणारे ताठ केस. मागे प्लॅस्टिकचा नांगीवाला तुकडा लावला की तळाशी सरपटणारी क्रॉफिश (गोड्या पाण्यातली, शेवंडासारखी नांगीवाली) तयार. साधारण १० ग्रॅमचा जिग बऱ्याच ठिकाणी चालतो. दाट गवत फोडायचं असेल तर १४ ग्रॅम किंवा त्याहून जड. खडकाळ तळाला आडवं, फुटबॉलसारखं डोकं, गवताला निमुळतं.

बहुतेक घास जिग खाली जात असताना येतात, आणि तिथेच ते हुकतात. त्यावर उपाय मोजणे. पहिल्या फेकीला पाण्यात पडल्यापासून तळाला टेकेपर्यंत मनात आकडे मोजा. समजा दहा आले. पुढच्या फेकीला दोरा सहावरच सैल पडला, तर तळ वर आलेला नाही, कुणीतरी मधे झेलला आहे. हिसका द्या.

स्पिनरबेटची पाती गोल घ्यावी की लांब?

गोल पातं, ज्याला कोलोरॅडो म्हणतात, पाण्याला जोराने धक्के देतं. ते गढूळ पाण्याला, रात्रीला आणि सावकाश ओढायला. विलोच्या पानासारखं लांब निमुळतं पातं धक्के कमी देतं पण चकाकतं जास्त, आणि लवकर वर उचललं जात नाही. ते नितळ पाण्याला आणि वेगाला. मधलं इंडियाना. वारा सुटला, पाण्यावर लाटा उठल्या की मी डोळे झाकून स्पिनरबेट लावतो.

पाण्यावर तरंगणारे लुअर कधी चालतात?

पाणी साधारण १५ अंशांच्या वर गेल्यावर, पहाटे, संध्याकाळी, किंवा आभाळ भरून आलं असेल तेव्हा. पॉपर खळकन् पाणी उडवतो. लांबट, जिभेशिवायचे लुअर काठीच्या टोकाच्या छोट्या झटक्यांनी डावी-उजवीकडे चालतात. पोकळ बेडूक कमळपानांवरून आणि शेवाळाच्या थरावरून घसरत नेता येतो, कारण त्याचे दोन्ही गळ पाठीशी चिकटून वर असतात.

लाकडी लुअरच्या धंद्याची सुरुवातच अशा एका तुकड्यातून झाली असं सांगतात. मिशिगन राज्यातल्या डोवाजिअॅक गावचे जेम्स हेडन तळ्याकाठी बसून लाकूड तासत होते. हातातला तुकडा त्यांनी सहज पाण्यात फेकला आणि एक बास त्यावर तुटून पडला. गोष्ट किती खरी कोण जाणे, पण हेडन यांची कंपनी पुढे मोठी झाली हे खरं.

वरच्या लुअरवर मासा उसळतो पण लागत नाही. काय चुकतं?

तुम्ही डोळ्यांनी हिसका देता. पाणी फुटलेलं दिसताच हात उचलला जातो आणि लुअर माशाच्या तोंडातून निसटतो. दोऱ्यावर वजन जाणवेपर्यंत थांबा. बेडकाच्या बाबतीत तर अजून एक श्वास. सांगायला सोपं आहे. मलाही अजून दर तिसऱ्या वेळी जमत नाही.

थंडीत काय?

सगळंच सावकाश. जर्कबेट हा लांबट, माशासारखा लुअर अशा वेळी कामाचा. त्यातला असा घ्या जो थांबवल्यावर वर येत नाही, खाली जात नाही, आहे तिथेच अधांतरी राहतो. दोन झटके, मग विराम. पाणी ८-१० अंशांवर असेल तर विराम दहा सेकंदांचा, कधी त्याहून मोठा. घड्याळ लावून मोजा, कारण गारठलेल्या हाताला तीन सेकंदही दहा वाटतात.

आता सांगा, रंग कोणता?

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी लार्जमाउथला विशिष्ट रंग आणि खाद्य यांची सांगड शिकवून त्याची रंगदृष्टी तपासली. बासच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, एक लालला प्रतिसाद देणाऱ्या, दुसऱ्या हिरव्याला. लाल आणि हिरवा त्याला चांगले ओळखता आले. पण निळ्या-काळ्यात आणि पांढऱ्या-पोपटी पिवळ्यात त्याची गफलत झाली. म्हणजे दुकानात आपण ज्या काळ्या आणि निळ्या-काळ्या जिगपैकी कोणता घ्यायचा यावर अर्धा तास घालवतो, ते दोन्ही त्याच्या लेखी बहुधा एकच.

त्यात पाणीही रंग गिळतं. नितळ पाण्यात लाल सगळ्यात आधी मावळतो आणि काळपट दिसू लागतो.

माझा हिशेब साधा आहे. पाणी नितळ असेल तर फिके, अर्धपारदर्शक, माशाच्या पोटासारखे रंग. हिरवट पाण्यात भोपळ्याच्या सालीसारखा तपकिरी-हिरवा. गढुळात काळा किंवा भडक पोपटी. रात्री काळा, कारण खालून बघणाऱ्याला आभाळासमोर त्याची आकृती सगळ्यात ठळक दिसते.

पाणी खूपच गढूळ आहे. घरी जावं का?

नको. गढुळात बास डोळ्यांपेक्षा अंगावरच्या बाजूच्या रेषेवर जास्त विसंबतो. तिथल्या पेशींना पाण्यातली हालचाल कळते. त्याला धक्का देणारा लुअर द्या: गोल पात्याचा स्पिनरबेट, खुळखुळणारा क्रँकबेट, मोठी झालर असलेला जिग. दूर फेकू नका. मासे काठाला, लाकडाला अगदी चिकटून असतात, तेव्हा हातभर अंतरावरून लुअर न्यायचा आणि एकाच जागी पाच-सहा वेळा टाकायचा.

मोठ्या लुअरला मोठा मासा लागतो हे खरं का?

माशांच्या सरासरी आकाराचं म्हणाल तर हो, संख्येचं म्हणाल तर नाही. बास स्वतःच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा मासा सहज गिळतो. पण त्या दिवशी तो बोटभर पिल्लांच्या थव्यामागे असेल तर वीतभर लुअरकडे बघणार नाही. काठाशी कुठले मासे उड्या मारतायत, केवढे आहेत, ते आधी बघा आणि तेवढाच लुअर लावा.

काठी आणि दोरा यांचा लुअरशी काय संबंध?

बराच. ट्रेबल, म्हणजे तीन काट्यांचे गळ असलेल्या क्रँकबेटला लवचीक काठी लागते. ताठ काठीने हिसका दिला तर बारीक गळ माशाच्या तोंडातून फाटून निघतात. जिग आणि टेक्सास रिगला उलट ताठ काठी, कारण जाड गळ आधी प्लॅस्टिकमधून आणि मग जबड्यातून पार करायचा असतो.

दोऱ्यात फ्लोरोकार्बन बुडतो आणि पाण्यात कमी दिसतो, म्हणून जिग, गांडूळ, क्रँकबेट यांना तो बरा. तोच पॉपरला बांधला तर दोरा लुअरचं नाक खाली ओढतो. तिथे साधा नायलॉनचा तंगूस लावा. विणलेला दोरा ताणला जात नाही आणि तरंगतो; दाट गवतातून बेडकावर लागलेला मासा ओढायचा तर तोच हवा.

मासा मागे मागे येतो, पण धरत नाही.

म्हणजे खोली आणि जागा बरोबर आहे. ही चांगली बातमी. आता वेग बदला: एकदम थांबवा किंवा एकदम पळवा. तरीही नाही, तर त्याच जागी लगेच वॅकी लावलेलं गांडूळ टाका. रंग बदलायचा तर या टप्प्यावर बदला. इथे कधीकधी खरंच फरक पडतो.

शिशाची वजनं वापरावीत का?

टाळता आली तर टाळा. तुटून पडलेली छोटी शिशाची वजनं लून आणि हंसासारखे पाणपक्षी खड्यांबरोबर गिळतात आणि विषबाधेने मरतात. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर, मेन यांसारख्या राज्यांत त्यांवर निर्बंध आहेत. टंगस्टन महाग पडतं, पण शिशापेक्षा बरंच घन असल्याने तेवढंच वजन लहान आकारात येतं, गवतातून सहज उतरतं आणि कठीण असल्यामुळे खडक की माती हे हाताला स्पष्ट सांगतं.

मासा सोडायचा असेल तर?

गळाचा उलटा काटा पक्कडीने चेपून टाका. ट्रेबलच्या जागी एकेरी गळ लावता आला तर उत्तम. घरट्यावरचा नर उचलू नका. तो हलला की ब्लूगिल मिनिटांत अंड्यांवर ताव मारतात.

पण सोडण्याआधी तिथला कायदा बघा. बास त्याच्या मूळ प्रदेशाबाहेर फार नासधूस करतो. ग्वाटेमालातल्या आतितलान सरोवरात १९६० च्या आसपास तो सोडला गेला. तिथल्या माशांचा आणि खेकड्यांचा त्याने फडशा पाडला आणि फक्त त्याच सरोवरात राहणारा एक पाणपक्षी नामशेष होण्यात त्याचा हात होता. बिवा सरोवर ज्या प्रांतात आहे तिथे पकडलेला बास परत पाण्यात सोडायला मनाई आहे. आणि एका पाण्यातला जिवंत बास दुसऱ्या पाण्यात नेऊन सोडणं, कितीही हौस असली तरी, कुठेच करू नये.

पेटीतले लुअर एकमेकांना चिकटून वितळले. ऊन लागलं का?

ऊन नाही. मऊ प्लॅस्टिकमध्ये ते लवचीक ठेवणारं तेलकट द्रव्य असतं आणि ते कडक प्लॅस्टिकला, रंगाला खातं. माझा एक जुना क्रँकबेट असाच गेला: महिनाभराने पेटी उघडली तर त्याच्या पाठीवर जांभळ्या गांडुळाचा ठसा, आणि बोट लावलं की रंग च्युइंगमसारखा ताणला जातोय. गांडुळं त्यांच्या मूळ पिशवीतच ठेवा. वेगवेगळ्या रंगांची एकत्र ठेवू नका, रंग एकमेकांत उतरतात. फार ताणली जाणारी, तरंगणारी नव्या धाटणीची गांडुळं तर साध्या गांडुळांशेजारीही नकोत. दोन्ही विरघळून एक लगदा होतो. आणि वापरलेलं, फाटलेलं गांडूळ पाण्यात फेकू नका. मासे ते गिळतात आणि ते पचत नाही. खिशात घाला. फक्त पँट धुवायला टाकण्याआधी काढायला विसरू नका.